गुल-ए-गंदुम

“कॉर्नफ्लॉवरचं बी आणलंय,” असं घरात सांगितलं, तर सासूबाई म्हणाल्या, “मग आज सूप का?” स्वयंपाकघरातलं मक्याचं पीठ वेगळं आणि हे निळं फूल वेगळं, भगिनींनो! युरोपात ते गव्हा-राईच्या शेतात तणासारखं उगवायचं, म्हणून हे नाव. जुन्या इंग्रजीत कॉर्न म्हणजे कुठलंही धान्य. फारसीत ते गुल-ए-गंदुम, गव्हाचं फूल. इजाफत शिकवताना मी आता हेच उदाहरण देते.

पाकिटावर लिहिलं होतं, मार्च-एप्रिलमध्ये पेरा. मी शहाण्यासारखी मार्चमध्ये पेरलं. मे उजाडायच्या आत रोपं करपली. ते वेळापत्रक थंड देशाचं, हे माझ्यासारख्या मास्तरीणबाईंच्याही ध्यानात आलं नाही.

उरलेलं बी लेकीने ऑक्टोबरअखेर दह्याच्या रिकाम्या डब्यांत लावलं. वीस रोपं आली. रोज शाळेतून आल्यावर आधी त्यांना पाणी, मग चहा. चार पानं फुटल्यावर आम्ही ती हलवली मोठ्या कुंडीत, आणि आठवड्यात सगळी माना टाकून बसली. पोरगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. या झाडाला सोटमूळ असतं, ते दुखावलेलं त्याला सोसत नाही. पण तिच्या हातून पुदिन्याच्या कुंडीत दोन बिया सांडल्या होत्या. त्या तिथेच उगवल्या, कुणी हलवल्या नाहीत, आणि जानेवारीत फुलल्या.

तर पावसाळा सरून हवा कोरडी झाली की बी थेट कायमच्या जागी पेरा. बारा इंची कुंडी, पाणी न साचणारी माती, भरपूर ऊन. बी अर्धा इंच खोल दाबा. उजेडात नीट रुजत नाही. आठ-पंधरा दिवसांत कोंब येतात. दोन रोपांत वीतभर अंतर ठेवून बाकीची उपटा (जीव होत नाही, ठाऊक आहे). शेणखत बेताचं, नाहीतर नुसता पाला माजतो आणि झाड आडवं पडतं. दोन-अडीच फूट वाढलं की काडीचा आधार द्या. सुकलेली फुलं खुडत राहिलात तर नवी येत राहतात.

शेवटची चार-पाच मात्र झाडावरच वाळू द्या. लेकीने त्यांचं बी पाकिटात भरलंय. वर उर्दूत नाव, आणि खाली मराठीत, माझ्यासाठी : “अम्मी, मार्चमध्ये नाही. आणि हलवायचं नाही.”