कापड उलटं करून बघा

लखनौच्या चौकात चिकनचा कुर्ता घेत होते. दुकानदाराने तो पसरून दाखवला, मी पाकिटाला हात घातला, तेवढ्यात शेजारी बसलेल्या एका वयस्कर बाईंनी कुर्ता ओढून घेतला आणि झटक्यात उलटा केला. ‘‘बेटा, काम पीछे से देखो.’’ आत लोंबते धागे आणि सुटत आलेल्या गाठी. पुढून मात्र कसा गोंडस! कुर्ता राहिला दुकानातच.

तो धडा इतक्या लवकर आणि तोही स्वतःच्या खांद्यासाठी उपयोगी पडेल, असं वाटलं नव्हतं.

पंडित भातखंड्यांच्या पुढाकाराने १९२६ साली इथे मॅरिस कॉलेज सुरू झालं, तेव्हा मराठी माणूस लखनौला सूर घेऊन आला. मी आले नवऱ्याच्या बदलीबरोबर, लॅपटॉप घेऊन. आम्ही राहतो महानगरात. पुण्याची बहीण अजून सगळ्यांना सांगते, ‘‘ताई महानगरात असते,’’ आणि लोकांना वाटतं मुंबईला. ही गोमतीपलीकडची, बादशाहनगर मेट्रो स्टेशनजवळची एक जुनी वसाहत. तर या महानगरात, जेवणाच्या टेबलावर वाकून भाषांतरं करता करता माझा उजवा खांदा धरला. मान वळेना, स्कूटर मागे घेता येईना. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हाडांचं काही नाही, स्नायू आखडलेत, फिजिओथेरपी घ्या. शेजारच्या भाभी म्हणाल्या, ‘‘सुई लगवा लीजिए, एकदम आराम.’’

ही सुई म्हणजे ड्राय नीडलिंग. ड्राय, कारण सुईतून औषध जात नाही, सुई भरीव असते. अमेरिकेत जॅनेट ट्रॅव्हेल या डॉक्टरबाई (केनेडींच्या व्हाइट हाउसमधल्या डॉक्टर त्याच) स्नायूंतल्या दुखऱ्या गाठींत इंजेक्शनं देत. पुढे १९७९ मध्ये कारेल लेविट या चेक डॉक्टरांनी मांडलं की गुण बराचसा टोचण्याचाच असतो, आत औषध असो वा नसो. सुई अॅक्युपंक्चरसारखीच बारीक, पण इथे शोध आखडलेल्या स्नायूचा असतो. सुईने नेमकं काय घडतं यावर अजून वाद आहेत. थोड्या दिवसांचा आराम अनेकांना पडतो. लांब पल्ल्याची खात्री कुणी देत असेल, तर सावध व्हावं.

पहिलं क्लिनिक पुढून फारच देखणं होतं. काचेचं दार, भिंतीवर खेळाडूंचे फोटो. काउंटरवरच्या मुलाने माझ्या खांद्याकडे न बघता दहा सिटिंगचं पॅकेज सांगितलं, आज पैसे भरले तर दोन फुकट. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हेही कुणी विचारलं नाही. चौकातल्या बाई आठवल्या. मी विचारलं, वापरलेल्या सुया कुठे टाकता? त्याने टेबलाखालची बादली दाखवली. तीत चहाचे कागदी कप होते. मी पर्स उचलली.

दुसरं क्लिनिक औषधाच्या दुकानावर, अरुंद जिन्याने चढून गेल्यावर एक खोली. फिजिओथेरपिस्ट माझ्याहून बरीच लहान. भिंतीवर तिची पदवी, नोंदणी आणि नीडलिंगच्या वेगळ्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. असली प्रमाणपत्रं दोन-तीन दिवसांच्या कार्यशाळेतूनही मिळतात, म्हणून मी विचारलं की किती वर्षं करताय? ती रागावली नाही. उलट तिचेच प्रश्न सुरू झाले. गोळ्या कुठल्या? मधुमेह? ऑपरेशन झालंय? सुई पाहून चक्कर येते? गरोदर असण्याची शक्यता? मग बोटांनी खांदा चाचपत तिने एका जागी दाबलं आणि कळ थेट कानामागे गेली. ‘‘यही है, दीदी.’’

सुई काढायच्या आधी तिने एक गोष्ट सांगितली, जी त्या काचेच्या दाराआड कुणी सांगितली नसती. खांद्याच्या या स्नायूखाली फुप्फुसाचं टोक असतं. म्हणून स्नायू चिमटीत उचलून टोचायचं. क्वचित सुई खोल गेली, तर छातीत हवा साठू शकते. घरी गेल्यावर धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर मला फोन करत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. भीती वाटायला हवी होती. वाटला विश्वास.

निर्जंतुक सुईचं पाकीट तिने माझ्यासमोर फोडलं. टोचणं जेमतेम कळलं. मग डोळा लवतो ना, तसं खांद्याचं मांस एकदा लवलं. आत खोल बोथट ठणका उठला आणि विरला. वापरलेली सुई गेली पांढऱ्या, अर्धपारदर्शक डब्यात. अणकुचीदार कचऱ्यासाठी २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी असाच, सुई आरपार न जाणारा डबा ठरवून दिलाय.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी खांदा कुणी कांडल्यासारखा दुखला. तेही तिने आधीच सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी स्कूटर मागे घेताना मान वळली. तिने दोन व्यायाम शिकवले आणि लॅपटॉप डोळ्यांच्या रेषेत आणायला लावला. त्याखाली मी जुन्या दिवाळी अंकांचा ढीग रचला, वर वेगळा कीबोर्ड घेतला. साहित्याने कुणाचा तरी भार उचलावा, तो असा.

चिकनमध्ये बखिया नावाचा टाका आहे. तो कापडाच्या मागून घालतात, पुढे दिसते फक्त त्याची सावली. क्लिनिकचंही तसंच असावं. सुईआधीचे प्रश्न, डब्यातल्या सुया, ‘नको’ म्हणायची तयारी, हे सगळं मागच्या बाजूला.

तिसऱ्या खेपेला मी पालथी झोपले. तिने खांदा चाचपला, मान दोन्हीकडे वळवून घेतली आणि म्हणाली, ‘‘आज सुई की ज़रूरत नहीं. कसरत करती रहिए.’’ पैसे घेतले फक्त तपासणीचे.

जिना उतरताना वाटलं, चौकातल्या त्या बाईंना हे काम दाखवायला हवं होतं. मागून.