गांजाची शेती : परवान्यापुढचे प्रश्न

सोलापूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने ऑगस्ट २०२१ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला होता. कोणत्याच शेतमालाला भाव मिळत नाही, गांजाला मात्र चांगला दर आहे. तेव्हा दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी मिळावी, अशी त्याची मागणी होती. प्रसिद्धीचा खटाटोप म्हणून पोलिसांनी ती निकालात काढली. अर्जामागची व्यथा खरी होती, यात शंका नाही. मात्र त्यात एक गृहीतकही दडलेले होते : आज चोरट्या बाजारात गांजाला जो भाव आहे, तोच उद्या परवान्याने पिकविलेल्या मालालाही मिळेल. हिमाचल प्रदेशासारखी राज्ये या पिकाचा विचार गांभीर्याने करू लागलेली असताना हे गृहीतक तपासून पाहणे अगत्याचे आहे.

आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यान्वये विनापरवाना लागवडीस दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बेकायदा मालाची किंमत ठरते ती या जोखमीमुळे. पकडले जाण्याची भीती, लपवाछपवी, हप्ते आणि मोजकेच विक्रेते यांचा तो मोबदला असतो. कायद्याने ही जोखीम दूर केली की तिच्यावर उभा असलेला भावही खाली येणारच. मग उरते ते इतर पिकांसारखेच एक पीक. त्यालाही मंदी, कीड आणि व्यापारी चुकत नाहीत. कॅनडाने हे प्रत्यक्ष अनुभवले आहे.

कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रौढांसाठी गांजाची विक्री कायदेशीर केली. त्याआधीच तेथील शेअर बाजाराला या ‘हिरव्या सोन्या’ची भुरळ पडली होती. एका बड्या अमेरिकी मद्य कंपनीने ‘कॅनोपी ग्रोथ’ या उत्पादक कंपनीत पाच अब्ज कॅनेडियन डॉलर गुंतविण्याचे त्याच वर्षी जाहीर केले. काचगृहांवर काचगृहे उभी राहिली. मात्र माल पिकविण्याची घाई होती तेवढी तो विकण्याची सोय नव्हती. सुमारे दीड कोटी लोकवस्तीच्या ओंटारिओ प्रांताने आरंभी अवघ्या २५ खासगी दुकानांना वाव दिला. जाहिरातीवर कडक बंधने होती आणि जुना चोरटा बाजारही स्वस्त दराने तग धरून होता. परिणामी गोदामे भरली, भाव कोसळले आणि न विकलेला शेकडो टन माल नष्ट करावा लागला. कॅनोपीने मार्च २०२० मध्ये ब्रिटिश कोलंबियातील दोन प्रचंड काचगृहे बंद केली. चॉकलेटच्या जुन्या कारखान्यात थाटलेले स्मिथ्स फॉल्स येथील मुख्य केंद्र बंद करण्याचा निर्णय तिने २०२३ मध्ये घेतला. ती वास्तू मूळ मालक असलेल्या हर्षी कंपनीनेच परत विकत घेतली!

या पडझडीत कराचाही वाटा मोठा होता. प्रति ग्रॅम एक डॉलर किंवा किमतीच्या दहा टक्के, यांपैकी जे अधिक असेल ते उत्पादन शुल्क, असा तेथील नियम. भाव दहा डॉलर असता तर हा बोजा दहा टक्केच ठरला असता; भाव चार डॉलरवर येताच तोच पंचवीस टक्के झाला. माल स्वस्त झाला, कर मात्र जागचा हलला नाही. अनेक छोटे उत्पादक त्याखाली दबले.

नशा नसलेल्या वाणांची, म्हणजे ‘हेम्प’ची, गोष्ट तरी वेगळी आहे काय? अमेरिकेने डिसेंबर २०१८ च्या कृषी कायद्याने ‘टीएचसी’ हे मादक द्रव्य ०.३ टक्क्यांपेक्षा अधिक नसलेल्या हेम्पची लागवड खुली केली. तंबाखूला पर्याय शोधणारे केंटकीसारख्या राज्यांतील शेतकरी औषधी ‘सीबीडी’ तेलाच्या आशेने तिकडे वळले. एक-दोन हंगामांतच माल उदंड झाला. अमेरिकी कृषी खात्याच्या पाहणीनुसार २०२१ मध्ये सुमारे ५४ हजार एकरांवर हेम्प होते आणि उत्पादनाचे मूल्य ८२ कोटी डॉलर होते; पुढच्याच वर्षी क्षेत्र सुमारे २८ हजार एकरांवर आणि मूल्य सुमारे २४ कोटींवर आले.

यात निसर्गाचीही गंमत आहे. फूल पक्व होत जाते तसे त्यातील टीएचसी वाढते. काढणीला थोडा उशीर झाला, वाण भेसळीचे निघाले, तर तपासणीत ०.३ ची मर्यादा ओलांडली जाते आणि उभे पीक नष्ट करण्याची पाळी येऊ शकते. शेजारच्या रानातील नरझाडांचे पराग उडून आले, तरी फुलांचा दर्जा जातो. धाग्यासाठी लागवड करावी, तर गाठे अवजड असतात. जवळपास साल सोलणारा कारखाना नसेल तर वाहतुकीतच नफा संपतो. साखर कारखाना दूर असला की उसाचे काय होते, हे आपल्या शेतकऱ्याला सांगायला नको.

सर्वांवर कडी म्हणजे कायद्याची अस्थिरता. हेम्पपासून नशा आणणारी उत्पादने बनविण्याची पळवाट अमेरिकी व्यापाऱ्यांनी शोधली आणि बाजार काहीसा सावरला. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये संमत झालेल्या कायद्याने, एक वर्षाची मुदत देऊन, ती बुजविण्याचे ठरविले. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून वगळला, तीनच वर्षांनी फुलांची विक्री वैद्यकीय चिठ्ठीशी जोडली. दुकाने महिन्यात बदलता येतात, पेरलेले पीक तसे बदलता येत नाही.

भारतात धागा व बियांसाठी लागवडीस परवानगी देण्याचा मार्ग १९८५ च्या कायद्यातच आहे. उत्तराखंडने २०१८ मध्ये असा परवाना दिला. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये हेम्पचे बी, तेल व पीठ यांना खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. हिमाचल सरकारने जानेवारी २०२५ मध्ये पालमपूर व नौणी येथील विद्यापीठांमार्फत प्रायोगिक अभ्यासास मंजुरी दिली. आधी अभ्यास, मग परवाने, हा क्रम योग्यच आहे. युरोपातील थंड प्रदेशांचे वाण आपल्या अक्षांशांवर, दिवस लहान असल्याने, खुजे असतानाच फुलोऱ्यावर येतात. तेव्हा स्थानिक वाणांवाचून गत्यंतर नाही.

मात्र वाणाइतकाच खरेदीचा प्रश्नही आधी सुटायला हवा. माल कोण, कोणत्या दराने घेणार? तपासणीची प्रयोगशाळा किती कोसांवर असेल? मर्यादेपेक्षा कणभर अधिक अंश निघाला म्हणून पीक जाळले, तर भरपाई कोण देणार? या प्रश्नांची उत्तरे लेखी नसतील, तर परवाना हा शेतकऱ्याच्या हाती दिलेला आणखी एक तोट्याचा कागद ठरेल. सोलापूरच्या त्या शेतकऱ्याची मूळ तक्रार भावाची होती. ती कांद्याबाबत सुटत नसेल, तर केवळ पीक बदलून सुटेल, असे मानण्यास कॅनडा आणि अमेरिकेचा अनुभव आधार देत नाही.