जाहिरातीने विश्वास मिळत नाही

जून जवळ आला की रस्तोरस्ती विद्यापीठांचे फलक झळकू लागतात. हिरवळ, हसरे चेहरे आणि ‘शंभर टक्के नोकरी’ची हमी. विद्यार्थ्यांशी नाते जोडण्याचा हाच राजमार्ग, अशी कुलगुरूंपासून कारकुनापर्यंत साऱ्यांची समजूत झालेली दिसते. आमचे मत नेमके उलट आहे.

आम्हा बडोदेकरांना दाखला शोधायला दूर जावे लागत नाही. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी तरुण भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे, आणि त्यानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी. रक्कम, मुदत, अट, सारे आधीच स्पष्ट होते. आपण कशावर सही करतो हे त्या तरुणाला ठाऊक होते. १९१७ साली तेच आंबेडकर करार पाळण्यासाठी बडोद्यास आले, तेव्हा जातीपायी या शहराने त्यांना राहायला घर दिले नाही; पारशी धर्मशाळेतूनही बाहेर पडावे लागले. दरबाराने शब्द पाळला, गावाने माणूस गमावला. अटी आधी उघड सांगाव्यात आणि आलेल्याला सामावून घ्यावे, हे दोन्ही धडे याच गावात मिळतात.

आज काय दिसते? आमच्या नात्यातील एका मुलीने एका विद्यापीठाला दूरध्वनी केला. ऐच्छिक मराठी घेता येईल का, वसतिगृहात जागा आहे का आणि तीन वर्षांचा एकूण खर्च किती, एवढेच तिला विचारायचे होते. चार दिवस कोणी फोन उचलला नाही. पाचव्या दिवशी ‘संकेतस्थळ पाहा’ असे उत्तर मिळाले. तेथे केवळ पहिल्या वर्षाचे शुल्क होते. आमची उभी हयात सरकारी कचेरीत गेली. लटकत ठेवलेल्या ‘होय’पेक्षा वेळेवर दिलेला नकार प्रामाणिक असतो, हे आम्ही तेथे शिकलो.

‘हल्लीच्या मुलांना निष्ठा नाही,’ असे प्राध्यापक मित्र म्हणतात. ज्याच्या प्रश्नाला उत्तरच नाही, त्याने निष्ठा कोणावर ठेवावी?

आमच्या मागण्या साध्या आहेत. संपूर्ण अभ्यासक्रमाचा खर्च, शुल्कपरतीचे नियम, किती जण परीक्षेस बसले, किती उत्तीर्ण झाले, किती जणांना कोणती नोकरी मिळाली, हे एका पानावर छापावे. प्रत्येक विभागाने उत्तर देणाऱ्या व्यक्तीचे नाव जाहीर करावे. शिक्षकांनी बारावीच्या वर्गात जाऊन एक तास शिकवावे; प्रचार करू नये.

दोष आपलाही आहे. मराठी विभाग ओस पडले म्हणून आपण सभांतून हळहळतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा पेढेही वाटले. पण आपल्या नातवंडांना त्या विभागाच्या दारापर्यंत किती जणांनी नेले? आम्हीही नेले नाही. विद्यापीठाला जाब विचारायचा, तर ही कबुली आधी द्यावी लागेल.