लंगोट कोण धुतंय?

धाकट्याच्या वेळी पुण्याच्या मैत्रिणीनं बाळंतविडा पाठवला, त्यात परदेशी कापडी डायपरचा संच होता. बांबूच्या धाग्याचं मऊसूत कापड, चिकटबटणं, त्यावर हिरवी पानं छापलेली. सोबतच्या चिठ्ठीत धुण्याची रीत होती: आधी गार पाण्यात खळबळून घ्या, मग भिजत ठेवा, मग मशीनमध्ये दोनदा फिरवा. सासूबाईंनी ती चिठ्ठी माझ्याकडून वाचून घेतली, कापड दोन बोटांत चोळून पाहिलं आणि विचारलं, "हे परदेशातून आलंय म्हणायलीस? मग आपल्या कापसाला काय रोग आलाय?"

प्रश्न रास्त होता. परभणीत महेबूब बाग कापूस संशोधन केंद्र आहे, शंभर वर्षांहून जुनं, निजामाच्या राजवटीपासूनचं. या भागाचा गावरानी कापूस एकेकाळी नावाजलेला. 2002 मध्ये बीटी वाण आले आणि बघता बघता देशी कापूस शिवारातून जवळजवळ हद्दपार झाला. केंद्रात मात्र देशी वाणांवरचं काम अजून चालू आहे. देशी झाड कमी पाण्यावर तगतं, मावा-तुडतुड्यांना सहजी बळी पडत नाही. त्याचा आखूड, जाडसर धागा गिरण्यांना नको असतो, पण तो पाणी चांगलं शोषतो, म्हणून दवाखान्यातल्या कापसासाठी त्याला मागणी असते. म्हणजे लंगोटाला हवा तसा कापूस आमच्या दाराशी पिकू शकतो, आणि आम्ही पाहुण्या बांबूचं कौतुक करतोय.

सासूबाईंनी जुनं सुती लुगडं काढलं. दातानं काठ तोडला, टर्रकन उभं फाडलं, तिकोनी घडी घातली आणि बाळाच्या करदोट्यात खोचून दिली. वर्षानुवर्षं धुतलं गेलेलं लुगडं नव्या कोणत्याही कापडाहून मऊ असतं. एका लुगड्यात डझनभर लंगोट आणि उरलेल्या पट्ट्यांत बाळाची तोंडपुसणी निघाली. खर्च शून्य. मी खूश झाले. 'पर्यावरणपूरक संगोपन' वगैरे शब्द मी नोकरीतल्या मैत्रिणींच्या गटात अभिमानानं टाकलेही.

पुढचा मुद्दा चार दिवसांत समोर आला. आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही. येतं त्या दिवशी टाक्या, बॅरल, पातेली भरून ठेवायची आणि पुढचा नळ येईपर्यंत पुरवायची. तान्हं मूल दिवसाला दहा-बारा लंगोट ओले करतं. ते खळबळायला, साबणानं धुवायला, दोनदा निथळायला पाणी लागतं, ते कुठून आणायचं? बॅरलचं झाकण उघडताना हात थांबायचा.

फेकायच्या डायपरची बाजू मी काही घेणार नाही. दिवसाला 6 धरले तर दोन वर्षांत एका लेकराचे 4,300 हून जास्त होतात. आत लाकडाचा लगदा, ओल शोषून फुगणारी रासायनिक पूड, बाहेर प्लॅस्टिक. ते कुजत नाहीत आणि त्यात शी गुंडाळलेली, म्हणून घंटागाडीवरच्या बाईला ते हातानं वेगळे करावे लागतात. 2016 च्या घनकचरा नियमांनी उत्पादकांना सांगितलं होतं की डायपरसोबत ते गुंडाळून टाकायला पिशवी किंवा वेष्टन द्या. सांगितलं होतं खरं, पण आमच्या गल्लीतल्या उकिरड्यावर कुत्री काय ओढत असतात ते मी रोज बघते. त्यातून मे महिन्यात पारा 43-44 च्या पुढे गेल्यावर प्लॅस्टिकमध्ये गच्च बांधलेल्या बाळाच्या जांघेचं काय होतं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको.

तरीही हिशेब वाटतो तितका सरळ नाही. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेनं 2005 मध्ये कापडी आणि फेकायच्या, दोन्ही प्रकारांचा अगदी कच्च्या मालापासून कचऱ्यापर्यंतचा भार मोजला, तेव्हा दोहोंत फारसा फरक निघाला नव्हता. 2008 मध्ये पुन्हा मोजला, तेव्हा दिसलं की कापडी लंगोट धुता कसे यावर सगळं ठरतं. कढत पाण्यात धुऊन विजेच्या ड्रायरमध्ये वाळवले तर कापडाचा फायदा जातो. मशीन भरून लावलं, दोरीवर वाळवले आणि दुसऱ्या बाळालाही तेच वापरले तर कापड निर्विवाद सरस. त्यांची अडचण उन्हाची आहे. आमच्याकडे ऊन फुकट, एप्रिलमध्ये गच्चीवर टाकलेला लंगोट चहा उकळेपर्यंत पापडासारखा होतो. आमची अडचण पाण्याची. पुण्या-मुंबईच्या पालकांसाठी लिहिलेला सल्ला परभणीत जसाच्या तसा चालत नाही तो यामुळे.

आणि पाणी असलं तरी धुणार कोण? सासूबाईंच्या काळी बाळंतिणीच्या दिमतीला आई, आजी, आत्या, दोन नणंदा असत. लंगोट धुणारी एक, बाळाला न्हाऊ घालणारी दुसरी, गुटी उगाळणारी तिसरी. आपण ज्याला आज 'नैसर्गिक पद्धत' म्हणतो ती चार-पाच बायकांच्या बिनपगारी दिवसावर उभी होती. त्या बायका आता नोकरीत, शेतात नाहीतर गुडघेदुखीनं बाजेवर आहेत. पद्धत तेवढी उरली आणि ती सगळी एकट्या आईच्या गळ्यात पडली. मी सकाळी जिंतूरची एसटी पकडते, संध्याकाळी परत येते. त्या मधल्या वेळेत निसर्गाला सांभाळायला घरी माणूस हवं.

उदाहरण घ्या पायावर बसवण्याचं. बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की दोन पायांच्या मधे त्याला धरून 'शूऽऽ' करायचं. दूध पाजल्यावर, झोपेतून उठल्यावर. आठवडाभरात बाळाला खूण कळते आणि निम्मे लंगोट वाचतात. याहून कमी कचऱ्याची रीत जगात कुणी काढलेली नाही. परदेशात आता याची पुस्तकं निघतात, शिकवण्या लागतात. पण त्यासाठी बाळाच्या तोंडाकडे बघत बसलेला एक माणूस दिवसभर लागतो. आमच्याकडे ते सासूबाईंनी केलं, गुडघा दुखत असताना, त्यामुळे त्याचं श्रेय मी घेऊ शकत नाही.

मग आम्ही वाटणी केली. दिवसा लुगड्याचे लंगोट, रात्री आणि प्रवासात विकतचा डायपर. लंगोट धुण्याचं काम नवऱ्याकडे. पहिल्या रविवारी गच्चीवर त्याला लंगोट झटकताना पाहून शेजारच्या काकू जिन्यातूनच ओरडल्या, "काय बाई, नवऱ्याला लेकराचे लंगोट धुवायला लावायली!" तो म्हणाला, "काकू, लेकरू माझंबी हाय की." काकूंना पटलं नाही. पण दोन महिन्यांनी त्यांच्या सुनेनं माझ्याकडे जुन्या लुगड्याची चौकशी केली, ती कशासाठी ते मी विचारलं नाही.

दुधाचीही तीच गत. आईच्या दुधाला ना डबा, ना वेष्टन, ना वाहतूक. पहिले सहा महिने फक्त तेच, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. 2017 च्या दुरुस्तीनं मातृत्व रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली, म्हणजे हिशेब बरोबर सहा महिन्यांचा जुळतो. कायद्यात बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा दूध पाजायची सुटी आहे आणि 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघराची सक्ती आहे. आमच्या जिंतूरच्या शाखेत पन्नास माणसं कुठून असणार? परभणी जिल्ह्यातल्या बहुतेक कचेऱ्या, दुकानं, शाळा त्या आकड्याच्या खालीच राहतात. बाळ चाळीस-बेचाळीस किलोमीटरवर असताना दूध पाजायच्या सुटीचं करायचं काय, हे कायद्यात लिहिलेलं नाही. एसटी स्थानकांवरच्या स्तनपानाच्या खोलीला 'हिरकणी कक्ष' म्हणतात. नाव अगदी योग्य ठेवलंय. हिरकणी ही दूध विकायला गडावर गेलेली कमावती बाईच होती, आणि दरवाजे वेळेवर बंद झाले म्हणून तिला कडा उतरावा लागला. एका कचेरीतल्या अशाच कक्षात मी जुन्या फायलींचे गठ्ठे आणि मोडकी खुर्ची पाहिली आहे. कडा बरा म्हणायची वेळ.

काढून ठेवलेलं दूध 25 अंशांच्या आत साधारण चार तास टिकतं. आमच्याकडे 25 अंश म्हणजे डिसेंबर. त्यामुळे फ्रीज, आणि फ्रीज म्हणजे वीज. पण पाजायला बाटली नको, हे मात्र मी ठामपणे सांगेन. स्टीलची वाटी आणि चमचा उकळून घेता येतो, कोपऱ्यात काही अडकून राहत नाही. जुन्या घरांत चांदीचं बोंडलं असे, तेही चालतं, चोच नीट धुतली तर.

जुनं ते सगळं नैसर्गिक आणि नैसर्गिक ते सगळं चांगलं, असं मात्र मी मानत नाही. काजळ, नाका-कानात तेल, शेगडीवर ओव्याची धुरी, वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोट, हे आम्ही बंद केलं. धूर कोळशाचा असला काय आणि आईच्या मायेनं केलेला असला काय, छातीत सारखाच जातो. मधातून तान्ह्याला गंभीर विषबाधा होऊ शकते. सासूबाई महिनाभर रुसल्या. गुटीच्या बाबतीत तह झाला: सहा महिन्यांपर्यंत सहाण माळ्यावर.

सहा महिन्यांनंतर मात्र परभणीनं मला हात दिला. बाळाच्या अंगातला जन्मजात लोहाचा साठा तेव्हा संपत आलेला असतो. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं हैदराबादच्या इक्रिसॅटसोबत 'परभणी शक्ती' नावाची ज्वारी काढली, ती 2018 मध्ये प्रसारित झाली. देशातली ही पहिली जैवसमृद्ध ज्वारी. किलोला साधारण 45 मिलिग्रॅम लोह आणि 32 मिलिग्रॅम जस्त, नेहमीच्या ज्वारीपेक्षा बरंच जास्त. आमच्या घरात जिभेला शाळूची सवय, त्यामुळे भाकरीला सासूबाईंनी नाक मुरडलं. पण आंबिलाला ती चालली. रात्री ज्वारीचं पीठ ताकात कालवून ठेवायचं, सकाळी पाणी घालून ढवळत शिजवायचं, बाळाची वाटी मीठ न घालता आधी काढून घ्यायची. आंबवल्यानं धान्यातली लोह अडवून धरणारी द्रव्यं कमी होतात. नोकरी करणाऱ्या बाईच्या दृष्टीनं मोठी गोष्ट ही की निम्मं काम रात्रभर पातेलंच करतं. रंगीत डब्यातल्या भुकटीला एवढी सोय जमत नाही, शिवाय रिकामा डबा उरतो.

खेळण्यांचं फार सांगण्यासारखं नाही. थोरलीला आजोबा कडब्याच्या धांड्यांची बैलगाडी करून देतात. धांड्याची साल ब्लेडनं सोलून तिच्या काड्या करायच्या, आतला पांढरा मऊ गाभा तुकड्यांत कापायचा आणि काड्या त्यात खुपसून साटा, चाकं, जू जुळवायचं. सालीची धार बोट कापते, म्हणून सोलायचं काम आजोबांचं. गाडी दोन दिवस टिकते, मग ती शेळी खाते.

आमच्याकडे बाळाला सांभाळायला मावशी येतात. त्यांची सून कापूस वेचायला जाते आणि वर्षाचं लेकरू सोबत नेते. लिंबाच्या फांदीला लुगड्याची झोळी, खेळायला माती. आपल्या शहरी मापानं बघितलं तर याहून निसर्गाच्या जवळ वाढणारं मूल सापडायचं नाही. पण त्या लेकराच्या कमरेला, बाजारात दहा रुपयांना सुट्टा मिळतो तो डायपर असतो. मी तिला एकदा विचारलं, अगं शेतात कशाला? ती म्हणाली, "ताई, तितं प्यायला पाणी पुरंना, लंगोट कशानं धुवू? आन् वल्लं झालं की त्ये रडतंय, मग हात थांबतो." वेचणीची मजुरी किलोवर असते. हात थांबला की वजन घटतं. तिनं केलेला हिशेब ब्रिटिश संस्थेच्या हिशेबाइतकाच चोख आहे.

दिवाळीनंतर गंगाखेड, सोनपेठ, पाथरीकडच्या ज्या बाया कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, त्यांची लेकरं फडातच वाढतात. कामकरी बायांच्या लेकरांची सोय करावी हे कुणाला आधी सुचलंच नाही असं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला काम सुरू केलं, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की थोरली पोर शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटं आहे. म्हणून त्यांच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच आवारात आली, आणि खेळणी म्हणून शिंपले, बिया, पानं. 2005 च्या रोजगार हमी कायद्यानंही कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं असली तर एका मजूर बाईला त्यांना सांभाळण्याची मजुरी द्यायची तरतूद केली होती. खासगी शेताला असला नियम लागू नाही.

पण वेचणीच्या हंगामात शेजारशेजारच्या पाच-सहा शेतकऱ्यांनी मिळून एका बाईची रोजी काढली, बांधावर एक सावलीचा मांडव आणि पाण्याचा एक बॅरल ठेवला, तर आठ-दहा लेकरं तिथं बसतील, लंगोट धुतले जातील आणि वेचणाऱ्या हातांना थांबावं लागणार नाही. वजन वाढलं तर कापूसही वेळेत घरी येतो, म्हणजे फायदा शेतकऱ्याचाच. मावशींच्या गावातल्या दोघा-तिघांना मी हे सुचवून पाहिलं. दोघं हसले. तिसरा म्हणाला, "बाई, खर्च कागदावर मांडून द्या, मग बघू." मांडायला घेतलाय. बॅरलची किंमत विचारून आलेय, मांडवाचे बांबू तेवढे राहिलेत.