गाडी माझी, किल्ली कोणाची?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. मध्यंतरी सौ.च्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळे सवड नव्हती. आज सवड आहे असंही नाही, पण राग आला आहे आणि तो कुठेतरी उतरवल्याशिवाय झोप येणार नाही.

झालं असं. आमच्या शाळेतले एक जुने सहकारी गेले. त्यांच्या दशक्रियेसाठी रामकुंडावर गेलो होतो. घाटाच्या पायरीवर वाकलो आणि शर्टाच्या वरच्या खिशातली गाडीची किल्ली डुबकन पाण्यात गेली. तिथे नाणी शोधणारी पोरं असतात. त्यांनी बिचाऱ्यांनी अर्धा तास बुड्या मारल्या. एक चमचा सापडला, किल्ली नाही. मुलाने घरून दुसरी किल्ली आणून दिली म्हणून गाडी घरी आली.

दुसऱ्या दिवशी मी शालिमारकडे एका चावीवाल्याकडे गेलो. (आपण घरात म्हणतो किल्ली, पण ती करणारा मात्र चावीवालाच. किल्लीवाला कुणी म्हणत नाही. गंमत आहे!) आयुष्यभर मी अशाच किल्ल्या करून घेतल्या आहेत. सायकलची, गोदरेजच्या कपाटाची, शाळेच्या प्रयोगशाळेची. कोरी किल्ली घ्यायची, जुनीशी जुळवून कानशीने घासायची, दहा मिनिटांत काम.

त्याने माझी किल्ली हातात घेऊन पाहिली आणि म्हणाला, "काका, पातं देतो कापून. दरवाजा उघडेल. पण गाडी चालू नाही व्हायची."

"का हो?"

"आत चिप आहे. गाडीला ओळख पटवावी लागते. तुमच्या या मॉडेलला कंपनीचा कोड लागतो. माझ्याकडे मशीन आहे, पण कोड मला कोण देणार?"

मग आमच्या नातवाकडून मी हे प्रकरण समजून घेतलं. किल्लीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी एक चिप असते. तिला बॅटरी लागत नाही. किल्ली जिथे घालतो त्या खाचेभोवती तारेचं वेटोळं असतं, त्यातून चिपला क्षणभर वीज मिळते आणि ती आपला सांकेतिक क्रमांक सांगते. गाडीतल्या संगणकाच्या वहीत तो असेल तर इंजिन चालू होतं, नसेल तर नाही. म्हणजे आमच्या वर्गातली हजेरीच! पटावर नाव नाही, तर पोरगा बाकावर बसला असला तरी गैरहजर.

ही व्यवस्था चोरी रोखण्यासाठी आली. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. चांगलीच गोष्ट आहे. हरवलेल्या किल्लीचं नाव पटावरून खोडता येतं, म्हणजे ती उद्या कुणाला सापडली तरी त्याला माझी गाडी चालू करता येणार नाही. याबद्दल माझी काही तक्रार नाही. मला प्रश्न पडला तो पुढे.

शोरूममध्ये गेलो. आरसी बुक, आधार कार्ड, किल्ली हरवल्याची पोलिसांकडची नोंद, सगळं घेऊन गेलो. हेही योग्यच. खर्च सांगितला साडेअकरा हजार! सगळे आगाऊ. किल्ली येणार तीन आठवड्यांनी. मी म्हटलं, "आणि तेवढ्यात ही दुसरीही हरवली तर?" समोरचा मुलगा अगदी सहज म्हणाला, "मग सर, पूर्ण लॉक सेट आणि कदाचित कंट्रोल युनिटच बदलावं लागेल. पन्नास-साठ हजार धरून चाला."

माझी गाडी दहा वर्षांची. विकली तर दोन लाख येतील की नाही शंका आहे.

त्या दिवसापासून ती एकुलती एक किल्ली मी गोफात ओवून गळ्यात घालतो. पीटीच्या मास्तरांची शिट्टी असते तशी. ही हसते. पण आठवड्यातून तीनदा तिला फिजिओथेरपीला न्यायचं असतं. रिक्षाची पायरी तिला चढवत नाही. ही किल्ली गेली तर तीन आठवडे तिचा व्यायाम बंद, आणि डॉक्टर म्हणालेत की आत्ताच गुडघा वाकवला नाही तर पुढे वाकणार नाही. म्हणजे हा प्रश्न काही चैनीचा नाही.

माझी आई कमरेला किल्ल्यांचा जुडगा खोचायची. कोठीची, कपाटाची, फडताळाची. म्हातारपणी तिने तो माझ्या हिच्या हातात दिला, तेव्हा घर हिचं झालं. आपल्याकडे किल्ली देणं म्हणजे मालकी देणं. मग ज्या गाडीचे मी सगळे पैसे मोजले, रस्ता कर भरला, दरवर्षी विमा भरतो, तिच्या पटावर कुणाचं नाव घालायचं हे दुसराच कुणी का ठरवणार? ज्याच्या हाती ससा तो पारधी म्हणतात. इथे ससा माझ्या दारात उभा आहे आणि पारधी शोरूममध्ये बसला आहे!

कुणी म्हणेल, मास्तर, कोड चावीवाल्याला दिले तर चोरांनाही मिळतील. आक्षेप खोटा नाही. पण कोड कुलुपात ठेवूनही चोरांनी यंत्रं मिळवलीच आहेत. चोर थांबला नाही, अडला तो प्रामाणिक मालक. शिवाय यावर उपाय निघालेला आहे. अमेरिकेत पारखून नोंदणी केलेले चावीवाले असतात. मालकाची कागदपत्रं तपासून ते कंपनीकडून रीतसर कोड घेतात आणि प्रत्येक कामाची नोंद राहते. तिकडच्या काही गाड्यांत तर दोन चालू किल्ल्या हाताशी असतील तर तिसरी मालक स्वतःच नोंदवू शकतो. तिथे हे चालतं, मग आपल्याकडे पोलिसांनी पडताळलेला, परवाना दिलेला चावीवाला का नको? आपल्याकडे बंदुकीचा परवाना मिळतो, किल्लीचा मिळू नये?

आणि हे काही माझं एकट्याचं रडगाणं नाही. शमशेर कटारिया नावाच्या एका ग्राहकाने २०११ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली होती की मोटार कंपन्या सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या कारागिरांना मिळू देत नाहीत. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कंपन्यांना दोषी ठरवलं, अडीच हजार कोटींहून अधिक दंड केला, आणि भाग, यंत्रं, माहिती खुली करा असं बजावलं. मग अपिलं सुरू झाली. २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने त्यातल्या काहींचा दंड कमी केला, पण दोष पुसला नाही. पुढे केंद्राने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी, ग्राहक दिनी, पोर्टल सुरू केलं. त्यात मोटारीही आहेत. छान झालं. पण शालिमारच्या चावीवाल्याच्या हातात कोड आला का? नाही आला.

उलट आता विम्यातही किल्ली हरवण्याचं वेगळं संरक्षण विकतात! आधी किल्ली महाग करायची, मग महाग किल्लीचा विमा काढायचा. आणि गाडी चोरीला गेली तर विमावाले म्हणणार, सगळ्या किल्ल्या जमा करा. एकच दाखवली तर शंकेची नजर मालकावर.

१९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली तेव्हा लोक तेल-साखरेच्या मापासाठी भांडत होते. आता माप संगणकात गेलं आहे, म्हणून भांडायचं सोडायचं का? मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. माझं मागणं साधं आहे. गाडी विकतानाच किल्लीचा कोड मालकाला लेखी द्या. जादा किल्लीची किंमत शोरूममध्ये फळ्यावर लावा. नोंदणीकृत चावीवाल्यांना हे काम करू द्या.

असो. तोवर सगळ्या नातेवाईक मंडळींनी एक काम आजच करा. नव्या गाडीबरोबर किल्ल्यांच्या जुडग्यात एक छोटी नंबरची पट्टी मिळते, ती कपाटात जपून ठेवा. आम्ही ती कचरा समजून टाकली होती. आणि दोनपैकी एक किल्ली हरवली तर "आहे की दुसरी" म्हणून स्वस्थ बसू नका.

साडेअकरा हजार मी भरून आलोय. रांगेत आहे. किल्ली आली की कळवतो. तुमच्या गाडीच्या किल्लीला किती लागले, तेही जरूर कळवा. आकडे एकत्र करून त्या तक्रारीला जोडीन म्हणतो.