वाळवीच्या मागे गेलेलं आयुष्य

वाचकहो, गेल्या पावसाळ्यात आमच्या बडोद्याच्या घरी एक छोटासा प्रलय झाला. माळ्यावरचं खोकं खाली काढायला गेले, तर त्याचा तळच हातात आला. आत माझ्या बी.ए.च्या तीन वर्षांच्या वह्या होत्या. वरून कव्हरं धडधाकट, आत मात्र मातीच्या नागमोडी वाटा! शेजारच्या काकी बघायला आल्या आणि "ऊधई, ऊधई!" म्हणत दारातूनच मागे फिरल्या. आई म्हणाली, "तरी सांगत होते, खोकं भिंतीला टेकवून ठेवू नकोस." आजी मात्र शांत होती. "अगं, तुझं वाचून झालं होतं ना? मग आता त्यांना वाचू दे."

दुसऱ्या दिवशी औषध मारणारा माणूस आला, भिंतीला भोकं पाडून गेला. पण तीन वर्षांची मेहनत मातीत गेली, ही रुखरुख काही जाईना. रात्री मोबाईल घेऊन वाळवीबद्दल वाचत बसले आणि एका माणसाची ओळख झाली. त्याने तीन नाही, सुमारे पन्नास वर्षं वाळवीला दिली. आज त्याचीच गोष्ट सांगते.

गयानाच्या जंगलात

त्याचं नाव आल्फ्रेड एमर्सन. जन्म १८९६ चा, अमेरिकेतल्या इथाका गावचा. वडील पुरातत्त्वज्ञ, आई पियानो वाजवणारी, एक बहीण पुढे चित्रकार झाली. अशा घरातला मुलगा कॉर्नेल विद्यापीठात शिकला आणि किडे शोधायला जंगलात गेला.

पहिलं महायुद्ध संपल्यानंतरच्या वर्षांतली ही गोष्ट. दक्षिण अमेरिकेत तेव्हाच्या ब्रिटिश गयानामध्ये कार्ताबो नावाच्या ठिकाणी विल्यम बीब या निसर्ग अभ्यासकाने एक संशोधन केंद्र काढलं होतं. चहूबाजूंनी घनदाट वर्षावन. तिथे एमर्सनने वाळवी जमवायला सुरुवात केली. कुजक्या ओंडक्यातली, झाडावरच्या घरट्यातली, जमिनीखालची, सगळी. १९२५ मध्ये त्याने कार्ताबोच्या वाळव्यांवर मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात विज्ञानाला तोवर माहीत नसलेल्या कितीतरी प्रजाती होत्या.

आपल्यासाठी वाळवी म्हणजे फक्त वाळवी. पण जगात तिच्या तीन हजारांच्या आसपास प्रजाती आहेत आणि त्यातल्या थोड्याच आपल्या दारं-खिडक्यांच्या वाटेला जातात. बाकीच्या जंगलातला पालापाचोळा आणि मेलेलं लाकूड खाऊन त्याची माती करतात. आणखी एक गंमत सांगू? आपण तिला 'पांढरी मुंगी' म्हणतो, पण मुंगीशी तिचं जवळचं नातंच नाही. ती निघाली झुरळाची नातलग! मुंग्यांमध्ये सगळ्या कामकरी माद्या असतात. वाळवीत मात्र नर आणि मादी दोघंही राबतात आणि राणीसोबत राजाही कायम राहतो. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती घिरट्या घालून पंख गाळणारी पाखरं आठवतात? ते हेच, नवा संसार मांडायला निघालेले राजे आणि राण्या.

घर बघून स्वभाव ओळखायचा

हाडांचे जीवाश्म सापडतात, पण वागण्याचे कसे सापडणार? लाखो वर्षांपूर्वी एखादा प्राणी कसा वागत होता, हे कळायचं कसं? एमर्सनचं उत्तर होतं, त्याचं घर बघा. वाळवीचं घरटं म्हणजे तिच्या वागण्याचा मातीत उमटलेला ठसा. दोन प्रजातींची घरटी शेजारी ठेवली, तर त्यांचं वागणं पिढ्यान्‌पिढ्या कसं बदलत गेलं ते मोजता येतं, त्याचं चित्र काढता येतं. १९३८ मध्ये त्याने यावर एक निबंध लिहिला.

त्यातलं एक उदाहरण मला फार आवडलं. गयानामध्ये काही वाळव्या झाडाच्या खोडावर घरटं बांधतात. वर्षावनात पाऊस म्हणजे मुसळधार, सगळं पाणी खोडावरून घरंगळत खाली. मग या वाळव्या घरट्याच्या वरच्या बाजूला खोडावर मातीच्या तिरप्या रेघा काढतात. पाणी त्या रेघांवरून बाजूला वळतं आणि घरटं वाचतं. आपण कौलांच्या घराला पन्हळ लावतो, तसंच! तिकडे आफ्रिकेतल्या काही वेगळ्याच वाळव्याही अशाच रेघा काढतात. मधे अख्खा महासागर, पण अडचण सारखी, म्हणून उपायही सारखा. बरं, बहुतेक कामकरी वाळव्या आंधळ्या असतात. नकाशा कुणाकडेच नाही, मुकादम कुणीच नाही, तरी घर उभं राहतं.

१९२९ पासून १९६२ पर्यंत एमर्सन शिकागो विद्यापीठात शिकवत होता. १९३७ मध्ये त्याने एलिनॉर फिश या लेखिकेबरोबर मुलांसाठी 'टर्माइट सिटी' नावाचं पुस्तक लिहिलं. पुढे त्याची पहिली पत्नी वारल्यानंतर हीच एलिनॉर त्याची सहचारिणी झाली. १९४९ मध्ये त्याने चार सहकाऱ्यांबरोबर प्राण्यांच्या परिसंस्थाशास्त्रावर आठशेहून जास्त पानांचा ग्रंथ लिहिला. ॲली, एमर्सन, पार्क, पार्क आणि श्मिट अशी ती पाच नावं. त्यांची इंग्रजी आद्याक्षरं जोडली की 'एप्स'सारखा उच्चार होतो, म्हणजे वानरं! मग काय, त्या जाडजूड पुस्तकाला 'थोर वानरं' असं टोपणनावच पडलं.

आणि मग एक चूक

इथपर्यंत सगळं छान. पण मला एमर्सन जवळचा वाटला तो पुढच्या भागामुळे.

तो म्हणायचा, वाळवीची वसाहत म्हणजे किड्यांची गर्दी नाही, तो एकच मोठा देह आहे. सैनिक म्हणजे त्याचं संरक्षण, कामकरी म्हणजे हात आणि पोट, राजा-राणी म्हणजे पुनरुत्पादनाचा अवयव. उत्क्रांती या अख्ख्या देहाला घडवते. वाळवीपुरतं हे पटण्यासारखं होतं. पण हळूहळू तो हाच विचार सगळ्या सजीवांना लावू लागला. म्हातारपण आणि मरणसुद्धा जातीच्या भल्यासाठीच आहे, जुन्यांनी नव्यांना जागा करून द्यावी म्हणून, असं तो मांडायचा.

१९५५ च्या सुमारास शिकागोत त्याचं या विषयावर व्याख्यान झालं. श्रोत्यांत जॉर्ज विल्यम्स नावाचा तरुण जीवशास्त्रज्ञ बसला होता. ऐकता ऐकता तो वैतागला. हेच जर जीवशास्त्र असेल, तर आपण दुसरा एखादा धंदा बघावा, असं त्याला वाटलं. हे पुढे त्यानेच सांगितलं आहे. पण त्याने विषय सोडला नाही, उत्तर शोधलं. १९५७ मध्ये त्याने म्हातारपणाचं वेगळं कारण मांडलं. तरुणपणी फायदा देणारे काही गुण उतारवयात त्रास देतात, पण तोवर मुलंबाळं झालेली असतात, म्हणून ते गुण पुढच्या पिढीत उतरत राहतात. १९६६ मध्ये त्याचं पुस्तक आलं. निवड मुख्यतः एकेका जिवाच्या पातळीवर होते, 'जातीचं भलं' असा सरसकट खुलासा चालणार नाही, हे त्याने दाखवलं. तेव्हापासून उत्क्रांतीचा विचारच बदलला.

म्हणजे एमर्सनची मोठी कल्पना त्याच्या डोळ्यांदेखत मोडीत निघाली. तो १९७६ मध्ये गेला.

मग पन्नास वर्षं वाया गेली का? मला नाही वाटत. त्याने आयुष्यभर जमवलेले वाळवीचे सुमारे दहा लाख नमुने न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमध्ये आहेत. कुणाची कल्पना बरोबर, कुणाची चूक, हे तपासायला असाच साठा लागतो. 'अख्खी वसाहत म्हणजे एक देह' हा त्याचा विचारही वाळवी, मुंग्या आणि मधमाश्यांपुरता शास्त्रज्ञ पुन्हा वापरतात. आणि त्या दिवशी त्याने इतक्या ठामपणे व्याख्यान दिलं नसतं, तर विल्यम्स इतका पेटला असता का?

आपल्याकडचा धागा

वाचता वाचता एक ओळखीचा धागा सापडला. एमर्सनची थोरली बहीण गर्ट्रूड पत्रकार होती. ती भारतात आली, उत्तर प्रदेशातल्या एका खेड्यात राहिली, त्यावर पुस्तक लिहिलं आणि मग शास्त्रज्ञ बशीश्वर सेन यांच्याशी लग्न करून अल्मोड्याची झाली. सेन यांची विवेकानंद प्रयोगशाळा आज डोंगरी शेतीची मोठी सरकारी संशोधन संस्था आहे. गर्ट्रूडबाईंना १९७६ मध्ये पद्मश्री मिळाली, म्हणजे भाऊ गेला त्याच वर्षी. एक भावंड गयानाच्या जंगलात, दुसरं हिमालयाच्या कुशीत!

आता माझ्या खोक्याचं सांगते. सगळ्या वह्या टाकल्या, पण एक ठेवली. तिच्यात वाळवीने पानांतून केलेली वाट आरपार दिसते. मी लिहिलेल्या उत्तरांपैकी निम्मी आज वाचली तर मलाच पटणार नाहीत. पण ती लिहिली म्हणूनच आज तुमच्याशी बोलते आहे ना?

तुम्हीही एक करा. या रविवारी भिंतीला टेकलेली खोकी चार बोटं पुढे ओढा. मुलांना जवळपास कुठे वारूळ असेल तर लांबूनच दाखवा, कारण 'आयत्या बिळात नागोबा' ही म्हण उगाच पडलेली नाही! आणि तुमच्या माळ्यावर वाया गेलेल्या मेहनतीचं एखादं खोकं असेल, तर टाकण्याआधी एकदा उघडून बघा.

भेटू पुढच्या वेळी, नव्या ओळखीसह!