एका तारखेचे मानकरी

दिनांक १५ जुलै १९९७ रोजी फ्लोरिडातील मायामी बीच येथे जियानी व्हर्साचे या इटालियन फॅशन डिझायनरची त्याच्या घराच्या पायऱ्यांवर गोळ्या झाडून हत्या झाली. त्याच तारखेला मुंबईत शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःच्या हातांनी आपली जीवनयात्रा संपविली. पहिली वार्ता अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर कित्येक दिवस गाजत राहिली. दुसरी वार्ता या देशातील आपल्या बहुसंख्य कुटुंबांच्या कानी पडली ती चौदा वर्षांनंतर, आनंद पटवर्धन यांच्या २०११ मधील 'जय भीम कॉम्रेड' या माहितीपटामुळे.

घोगरे यांच्या मृत्यूच्या चार दिवस आधी, ११ जुलै रोजी, घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात परमपूज्य बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली होती. निषेधार्थ रस्त्यावर आलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि त्यात दहा जणांचे प्राण गेले. शाहिरांना तो आघात सोसवला नाही. मृत्यूसमयी त्यांच्या कपाळाला निळी पट्टी बांधलेली होती. त्यांचे आयुष्य डाव्या सांस्कृतिक चळवळीत गेले होते. झोपडपट्टीतील माणसांची दैना गाणारा त्यांचा आवाज पटवर्धनांच्याच 'हमारा शहर' या १९८५ च्या चित्रपटात मुद्रित आहे. तो आवाज आज कोणालाही ऐकता येतो, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब होय.

मराठी रसिकाला मात्र १५ जुलै ही तारीख निराळ्या कारणाने ठाऊक आहे. १९६७ साली याच दिवशी नारायण श्रीपाद राजहंस अर्थात बालगंधर्व पुण्यात निवर्तले. त्यांना १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले आणि त्यांच्या निधनानंतर वर्षभरातच, १९६८ मध्ये, पुण्यात त्यांच्या नावाचे रंगमंदिर उभे राहिले. बालगंधर्वांशी आमचे काही भांडण नाही. त्यांचे गाणे थोरच होते, आणि त्यांचे उत्तरायुष्य किती हालाखीत गेले हेही सर्वश्रुत आहे. परंतु एक योगायोग नोंदविल्यावाचून राहवत नाही. 'बालगंधर्व' हा मराठी चित्रपटही २०११ सालचाच. एकाच तारखेला निवर्तलेल्या दोन मराठी गायकांच्या स्मृती एकाच वर्षी पडद्यावर आल्या. त्यांपैकी कोणती आपण सहकुटुंब पाहिली, हे वाचकांनी ज्याचे त्याने आठवून पाहावे.

आम्ही व्यवसायाने डॉक्टर. अमेरिकेतील मृत्यूच्या दाखल्यावर मृत्यूचे कारण डॉक्टर लिहितो. मृताचा व्यवसाय काय होता, हा रकाना मात्र कुटुंबीयांना विचारून अंत्यविधी करणारी संस्था भरते. वर्षानुवर्षे असे दाखले भरल्यानंतर आमच्या मनात एक गोष्ट पक्की झाली आहे. माणूस कशाने गेला ते परका सांगू शकतो. तो कोण होता ते घरच्यांनीच सांगावे लागते. आपल्या कलावंतांचा आणि खेळाडूंचा तो रकाना कोणी भरावयाचा, हा या लेखाचा विषय आहे.

आपल्या संघटनेच्या दिनदर्शिकेत १४ एप्रिल आहे, वैशाख पौर्णिमा आहे, १४ ऑक्टोबर व ६ डिसेंबर आहे. ते असलेच पाहिजे. परंतु गाणाऱ्यांचा व खेळणाऱ्यांचा एकही स्मृतिदिन तीत नाही. १८ जुलै घ्या. १९६९ साली त्या दिवशी अण्णा भाऊ साठे गेले, २०१२ साली राजेश खन्ना गेला. दुसऱ्याची गाणी आपल्या गाड्यांतून आजही वाजतात. पहिल्याची तारीख आपल्या किती मुलांना सांगता येईल?

त्याहून मोठी उणीव ४ जुलैची आहे. हा दिवस येथील आपल्या प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असतो. पिस्कॅटवेच्या जॉन्सन पार्कात शेगडी पेटते, मुले बॅट-बॉल घेऊन धावतात, रात्री आतषबाजी होते. अमेरिकेचे दोन माजी राष्ट्राध्यक्ष, जॉन ॲडम्स आणि थॉमस जेफरसन, १८२६ साली याच दिवशी निवर्तले, हे मुले शाळेत शिकतात. काळ्या अमेरिकेच्या स्मृतीतही ही तारीख आहे. २००३ साली या दिवशी गायक बॅरी व्हाइट गेला. रक्तदाबाने मूत्रपिंडे निकामी झाली होती, वय अवघे ५८. (हा रक्तदाब आपल्याही घराघरांत आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो.) २००९ साली याच दिवशी फुटबॉलपटू स्टीव्ह मॅकनेअर गोळ्यांना बळी पडला. आणि १९५५ साली, ४ जुलै रोजीच, मुंबईत पालवणकर बाळू यांचे निधन झाले.

कोण हे बाळू? धारवाडला जन्मलेला, चर्मकार समाजातील, पुण्यात वाढलेला मुलगा. गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टीवर रोलर फिरवावा, रेघा आखाव्यात आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करावी, ही त्याची नोकरी. बॅट हाती मिळत नसे. डावखुऱ्या मंदगती फिरकीवर त्याने त्या काळचा नामांकित फलंदाज ग्रेग याला तासन् तास खेळविले, आणि मग पुण्याच्या हिंदू संघाला त्याची गरज भासली. मैदानावर चेंडू सर्वांच्या हातून फिरत होता. चहाच्या वेळी मात्र बाळूंना बाहेर, टाकून द्यावयाच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे आणि त्यांचे जेवण निराळे असे. पुढे मुंबईत १९०६ साली हिंदू संघाने युरोपियनांना हरविले, त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा मोठा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले, तेही बऱ्याच झगड्यानंतर.

एवढ्या मोठ्या माणसाचे नाव आपल्या व्यासपीठावरून फारसे का घेतले जात नाही, याचे कारण सगळे जाणतात. बोलत कोणी नाही. १९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर बाळू बाबासाहेबांच्या विरुद्ध बाजूला होते. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत खुद्द बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. या गोष्टी झाकण्यासारख्या नाहीत आणि आम्ही त्या झाकू इच्छित नाही. बाळूंची बाजू त्या वेळी चुकीची होती, असे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु तरुणपणी बाबासाहेबांना याच बाळूंचा अभिमान वाटत असे, असे इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी लिहिले आहे. दोन हजार मतांच्या त्या फरकाखाली आपण त्यांचे शंभरावर बळी आणि ते मातीचे भांडे, दोन्ही गाडून टाकले. त्यात ते आपल्या पोटजातीचे नव्हते, हेही एक कारण असावे, असे म्हणताना आमची लेखणी अडखळते. पण म्हणणे भाग आहे.

या बाबतीत शेजाऱ्यांकडून काही शिकता येईल. पिस्कॅटवेत रटगर्स विद्यापीठाच्या बुश परिसरात पॉल रोबसन यांच्या नावाचे सांस्कृतिक केंद्र आहे. रोबसन हे रटगर्सचे विद्यार्थी, अव्वल फुटबॉलपटू, आणि पुढे जगद्विख्यात गायक व नट. १९१६ साली प्रतिस्पर्धी संघाने काळ्या खेळाडूबरोबर खेळण्यास नकार दिला, तेव्हा रटगर्सने आपल्याच या खेळाडूला बाहेर बसविले. पुढे डाव्या मतांमुळे १९५० मध्ये सरकारने त्यांचे पारपत्र काढून घेतले. ते परत मिळावयास १९५८ साल उजाडले. २३ जानेवारी १९७६ रोजी ते निवर्तले. महाविद्यालयीन फुटबॉलच्या कीर्तिदालनात त्यांना जागा मिळाली ती १९९५ मध्ये.

रोबसन यांच्याविरुद्ध संसदीय समितीपुढे १९४९ साली साक्ष देणारा माणूस कोण होता? जॅकी रॉबिन्सन, बेसबॉलच्या मोठ्या संघांत वर्णभेदाची भिंत पाडणारा खेळाडू. आपल्याच समाजातील सर्वांत लाडक्या खेळाडूने आपल्याच सर्वांत मोठ्या गायकाविरुद्ध बोलावे, हा घाव लहान नव्हता. १९७२ च्या आत्मचरित्रात रॉबिन्सन यांनी लिहिले की, असे बोलावणे आज आले असते तर आपण ते नाकारले असते. त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला ते गेले. पुढे २००५ साली त्याच तारखेला रोझा पार्क्स गेल्या. काळ्या समाजाने त्या साक्षीपायी ना रॉबिन्सन यांना टाकले, ना रोबसन यांना. दोघांचीही टपाल तिकिटे निघाली आहेत. मुलांना दोघांविषयी सांगितले जाते आणि त्या साक्षीविषयीही सांगितले जाते.

बाळूंनी रॉबिन्सन यांच्यासारखे काही लिहून ठेवले असते तर आपले काम सोपे झाले असते, असे कोणी म्हणेल. असेलही. पण खेळाडूला अभिवादन करण्यासाठी त्याच्याकडून माफीनामा मागण्याची रीत आम्हास मान्य नाही. बालगंधर्वांच्या राजकीय मतांची चौकशी कोणी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

म्हणून पुढील सर्वसाधारण सभेत आम्ही एक ठराव मांडणार आहोत. संघटनेच्या दिनदर्शिकेत ४ जुलैच्या चौकटीत अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाखाली पालवणकर बाळू यांचे नाव, १५ जुलैला शाहीर विलास घोगरे यांचे आणि १८ जुलैला अण्णा भाऊ साठे यांचे नाव छापावे. पार्कातील सहलीत मुलांचा सामना सुरू होण्यापूर्वी बाळू कोण होते, हे पाच मिनिटांत सांगावे. १९३७ चे आकडे त्यातून वगळू नयेत. ठरावास अनुमोदक हवा आहे. चर्मकार बांधवांपैकी कोणी पुढे आल्यास आम्हास विशेष आनंद वाटेल.